रात्रीच्या विमानाचा मंत्री

नागपुरात आमचे घर वर्धा रोडच्या बाजूला होते. रात्री बारा वाजून गेले की सोनेगावच्या दिशेने विमानांची घरघर ऐकू येई. आधी एक, मग थोड्या वेळाने दुसरे, तिसरे, चौथे. घरातले सारे गाढ झोपेत असत. मी मात्र पांघरुणात पडल्या पडल्या विमाने मोजत असे. चार पुरी झाली की मला झोप लागे. पहाटेच्या आधी तीच विमाने पुन्हा उडून जात. तो आवाज माझ्या वाट्याला कधी आला नाही, तो आई ऐकत असे. कारण तो आला म्हणजे वडिलांची पाळी संपत आली, हे तिला ठाऊक होते.

वडील टपाल खात्यात सॉर्टर होते. महिन्यातल्या काही रात्री त्यांचे काम सोनेगावच्या विमानतळावर असे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी आलेल्या टपालाच्या थैल्या तिथे उतरायच्या, मोजल्या जायच्या, एका विमानातून दुसऱ्या विमानात चढायच्या. प्रत्येक थैलीची नोंद, प्रत्येक नोंदीपुढे सही. एखादी सही राहून गेली तर वडिलांना घरी जेवण गोड लागत नसे. किराण्याची वही, दुधाची वही, आमच्या शाळेच्या फीची वही, सगळ्यांत पै-पैचा हिशेब. असा काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि या माणसाने आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून वर्तमानपत्रातले एक चित्र चिकटवून ठेवले होते. देवाचे नव्हे, गांधीजींचेही नव्हे. खादीची टोपी घातलेल्या एका मुसलमान गृहस्थाचे. त्यांचे नाव रफी अहमद किदवई. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री. रात्रीची ती चार विमाने त्यांनीच सुरू केली, एवढे मला लहानपणी माहीत होते. त्यांच्याविषयी पुढे वाचत गेलो तेव्हा मात्र मोठे नवल वाटले. कारण या गृहस्थाने जन्मात कधी पैशाचा हिशेब ठेवला नव्हता! हिशेबाला देव मानणाऱ्या माझ्या वडिलांनी त्यांचे चित्र का जपावे? आज पंचाहत्तरी ओलांडल्यावर मला त्याचे उत्तर थोडेफार सापडले आहे असे वाटते. म्हणून हा लेख.

रफीसाहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी बाराबंकी जिल्ह्यातील मसौली या गावी झाला. लखनौपासून फार दूर नसलेला हा अवधचा मुलूख. घराणे जमीनदारांचे, वडील इम्तियाज अली सरकारी नोकरीत. मुलगा मोठा झाला तो बाराबंकीला, काका विलायत अली यांच्या घरी. विलायत अली वकील होते, आणि मौलाना महंमद अलींच्या ‘कॉम्रेड’ साप्ताहिकात खुसखुशीत विनोदी लेख लिहीत. घरात राजकारणाची चर्चा सतत चाले. पोराने ती ऐकली आणि बोलायचे मात्र फारसे शिकला नाही. पुढे आयुष्यभर रफीसाहेब सभेत मागे बसणारे, कमी बोलणारे, पण कोण कुठे उभा आहे हे अचूक ओळखणारे राहिले.

अलीगढला शिकून ते १९१८ साली पदवीधर झाले. कायद्याचा अभ्यास सुरू केला, तेवढ्यात खिलाफत आणि असहकाराची लाट आली. अभ्यास सोडला, तुरुंग पत्करला. बाहेर आल्यावर ते अलाहाबादला आनंद भवनात पोहोचले आणि मोतीलाल नेहरूंचे खाजगी सचिव झाले. मोतीलालजींचा दिमाख सर्वश्रुत आहे. त्या घरात हा मितभाषी तरुण घरच्यासारखा वावरू लागला, आणि जवाहरलालजींशी त्याची जी गाठ पडली ती अखेरपर्यंत टिकली.

१९२६ साली ते मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आले आणि स्वराज्य पक्षाचे प्रतोद झाले. प्रतोदाचे काम तसे विनाकौतुकाचे. भाषण दुसऱ्याने ठोकायचे, टाळ्या दुसऱ्याने घ्यायच्या. याने फक्त मतदानाच्या वेळी आपली माणसे जागेवर आहेत ना हे पाहायचे. रफीसाहेबांना हे काम मनापासून आवडले. कोणाला कशाची अडचण आहे, कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे सारे त्यांना ठाऊक असे. माणसे सांभाळण्याची ही विद्या त्यांनी तिथे हस्तगत केली.

काँग्रेसने विधिमंडळे सोडायचे ठरवले तेव्हा त्यांनीही जागा सोडली आणि १९३० च्या सुमारास रायबरेली जिल्ह्यात उतरले. जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले होते आणि कुळांना खंड देणे अशक्य झाले होते. रफीसाहेबांनी कुळांना खंड न देण्याची चळवळ उभारली. स्वतः जमीनदाराचा मुलगा, आणि कुळांना सांगत होता की जमीनदाराला पैसे देऊ नका! पुन्हा तुरुंग झाला. १९३७ साली गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात ते महसूल आणि तुरुंग या खात्यांचे मंत्री झाले आणि कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कामाला लागले. १९४६ मध्ये संयुक्त प्रांतात पुन्हा मंत्रिपद मिळाले.

आता पैशाविषयी. रफीसाहेबांकडे मागायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे, ही गोष्ट त्यांच्या मित्रांनी आणि विरोधकांनीही सांगून ठेवली आहे. तुरुंगात असलेल्या कार्यकर्त्याच्या घरचा किराणा, कोणाच्या मुलाची फी, कोणाचे औषधपाणी. स्वतःकडे नसले तर ते कर्ज काढून देत. कर्ज मिळाले नाही तर एखाद्या धनिकाकडून घेत. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचे, ज्याला हवे त्याला द्यायचे आणि मधल्या व्यवहाराची चिठ्ठीसुद्धा ठेवायची नाही, अशी त्यांची रीत. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होते. पण हिशेब नसलेला पैसा हा संशयाला घर करून देतो, आणि तो संशय पुढे त्यांच्या वाट्याला आलाच.

१९४७ साल उजाडले. ऑगस्टमध्ये नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मौलाना आझादांबरोबर रफीसाहेब हे दुसरे मुसलमान मंत्री होते. त्यांच्याकडे दळणवळण खाते आले. टपाल, तार, टेलिफोन आणि नागरी विमान वाहतूक हे सारे त्यात होते. आणि नेमक्या त्या दिवसांत देशातले सगळे दळणवळण रक्ताने माखले होते. आगगाड्या प्रेते घेऊन येत होत्या. पत्रे पोहोचत नव्हती, कारण ज्यांच्या नावाने ती लिहिली होती ती माणसेच जागेवर नव्हती.

त्यांचे धाकटे भाऊ शफी अहमद किदवई त्या वेळी मसुरीला नगरपालिकेचे प्रशासक होते. निर्वासितांचे लोंढे आले होते, वातावरण पेटले होते. शफींनी जागा सोडली नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी अनीस किदवई दिल्लीला गांधीजींकडे आल्या आणि दुःख गिळून निर्वासितांच्या छावण्यांत कामाला लागल्या. त्या दिवसांची हकिगत त्यांनी ‘आझादी की छाँव में’ या पुस्तकात लिहिली आहे.

रफीसाहेबांचे काय? त्यांचा एकुलता मुलगा सात वर्षांचा असताना गेला होता. आता भाऊ गेला. आणि ज्या समाजातल्या माथेफिरूंनी भावाला मारले, त्याच समाजातील निर्वासित दारात मदत मागायला येत होते. रफीसाहेबांचे दार त्यांना बंद झाले नाही. कोणी नोकरी मागितली, कोणी भाड्याचे पैसे मागितले, ते देत राहिले. मला वाटते, वडिलांनी ट्रंकेत चिकटवलेल्या चित्राचे पहिले कारण इथे आहे. पण एकच नव्हे.

खाते हातात आले तेव्हा त्याची अवस्था काय होती? संबंध देशात टेलिफोन ऐंशी हजारांच्या आसपास. वर्षभरापूर्वी, १९४६ च्या उन्हाळ्यानंतर टपाल कामगारांचा मोठा संप होऊन गेला होता आणि त्यांच्या मागण्यांवर न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी निवाडा दिला होता. आमच्या घरात ‘राजाध्यक्ष’ हे नाव फार आदराने घेतले जाई, कारण त्या निवाड्याने वडिलांच्या पगाराला थोडे बाळसे आले होते. दुसरीकडे विमान कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली. ज्याला त्याला विमान कंपनी काढावीशी वाटली. विमाने भरपूर, उतारू कमी, तोटा सगळ्यांना.

रफीसाहेबांनी या दोन दुखण्यांना एकच औषध शोधले. विमाने दिवसा उडतात आणि रात्री नुसती उभी असतात. टपाल मात्र दिवसा गोळा होते आणि संध्याकाळी निघते. मग रात्रीच्या विमानाने टपाल का नेऊ नये? चार मोठ्या शहरांतून चार विमाने रात्री निघतील. देशाच्या मध्यावर एका ठिकाणी भेटतील. थैल्या अदलाबदल करून आपापल्या गावी परत जातील. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला! देशाच्या मध्यावरचे ठिकाण अर्थात आमचे नागपूर. इंग्रजांनी अंतरे मोजण्यासाठी रोवलेला शून्य मैलाचा दगड आमच्या गावी होताच. चारही शहरे इथून विमानाने साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात. डाकोटाला तीन-साडेतीन तासांचा पल्ला.

पण खरी गंमत पुढेच आहे. विमानाच्या टपालाला तोवर जादा तिकीट लागे. घाई श्रीमंताची, आणि विमानही श्रीमंताचे. १ एप्रिल १९४९ पासून रफीसाहेबांच्या खात्याने हा भेद काढून टाकला. देशातले साधे पाकीट, नेहमीचेच तिकीट लावलेले, जिथे विमानाने लवकर पोहोचणार असेल तिथे ते विमानाने जाईल. वेगळे पैसे नाहीत. गिरणीमालकाचे आणि गिरणीकामगाराचे पत्र एकाच थैलीत. पुढच्या वर्षी, १९५० च्या गांधी जयंतीला, अंतर्देशीय पत्र आले. ते निळे घडीचे पत्र आपल्यापैकी कोणाच्या घरात आले नाही? सासरी गेलेल्या मुलींची, शिकायला गेलेल्या मुलांची निम्मी सुखदुःखे त्या निळ्या कागदावर उतरली.

रात्रीच्या विमानांना विरोध मोठा झाला. जाणत्या मंडळींचा होता, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जे. आर. डी. टाटांनी उघड नापसंती दाखवली. रात्री विमान उतरवायला लागणारे दिवे, रेडिओ, प्रशिक्षित माणसे देशात पुरेशी नव्हती, आणि कंपन्या आधीच अडचणीत होत्या. याच टाटांशी रफीसाहेबांच्या खात्याने १९४८ साली भागीदारी करून एअर इंडिया इंटरनॅशनल उभी केली होती. जूनमध्ये मुंबईहून लंडनला तिचे पहिले विमान गेले होते. म्हणजे वैर नव्हते. मतभेद मात्र कडक होता. रफीसाहेब मागे हटले नाहीत. १९४९ च्या जानेवारीअखेर एका कंपनीकडून त्यांनी सेवा सुरू करून घेतली. काही महिन्यांतच ती कंपनी बसली. त्यांनी त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशन या दुसऱ्या कंपनीला पुढे केले आणि विमाने पुन्हा नागपुरात उतरू लागली. १९५० मध्ये सगळ्या विमान धंद्याची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष पुन्हा न्यायमूर्ती राजाध्यक्षच. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि रात्रीची विमाने इंडियन एअरलाइन्सकडे आली. सत्तरीच्या दशकापर्यंत ती आमच्या डोक्यावरून जात होती.

टाटांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९५३ च्या डिसेंबरात नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाण घेताच कोसळले आणि त्यातले बहुतेक सारे दगावले. मी तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. मला ती रात्र आठवत नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षे आई पहाटेचा आवाज ऐकायला जागी का राहत असे, याचा उलगडा मला मोठेपणी झाला.

टेलिफोनच्या बाबतीत रफीसाहेबांनी काय केले पाहा. उपकरणे बनवायला १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. तो काळा जडशीळ फोन, ज्याचा रिसीव्हर हातातून पडला तर पायाचे बोट मोडेल, तो तिथला. पण तारा टाकायला, एक्स्चेंज उभारायला भांडवल कुठून आणायचे? तिजोरी रिकामी. मग त्यांनी ‘ओन युअर टेलिफोन’ योजना काढली. ज्याला फोन लवकर हवा त्याने मोठी रक्कम आगाऊ भरावी. त्या पैशातून खाते जाळे वाढवील. पत्राच्या बाबतीत श्रीमंत-गरीब एका रांगेत आणणाऱ्या मंत्र्याने फोनच्या बाबतीत श्रीमंताला पुढे केले, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. पुढे अनेक दशके मध्यमवर्गीय माणूस साध्या रांगेत फोनची वाट पाहत म्हातारा झाला. पण रफीसाहेबांच्या स्वभावाकडे पाहिले की योजनेचे मूळ कळते. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्या आणि सगळ्यांसाठी वापरा. खाजगी आयुष्यात जे ते रोज करीत होते, तेच त्यांनी खात्याला करायला लावले.

आणि नेमक्या याच ठिकाणी त्यांच्यावर डाग आला. लखनौचे ‘नॅशनल हेराल्ड’ हे नेहरूंनी काढलेले दैनिक कायम आर्थिक ओढाताणीत असे आणि त्यासाठी पैसे जमवण्याचे काम रफीसाहेब करीत. १९५० साली सरदार पटेलांनी नेहरूंना पत्रे लिहून हरकत घेतली. रात्रीच्या टपालाचे काम मिळालेल्या हिमालयन कंपनीशी संबंधित मंडळींनी हेराल्डला देणग्या दिल्या होत्या, आणि ज्या खात्याकडून काम मिळाले त्याच खात्याच्या मंत्र्याने वर्तमानपत्रासाठी पैसे जमवावेत हे सरदारांना अयोग्य वाटले. हा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्धही झाला. रफीसाहेबांनी त्यातला एक छदाम स्वतःसाठी घेतला असे कोणी म्हटले नाही. पण सरदारांचा मुद्दा वेगळा होता आणि तो रास्त होता. मंत्र्याचा खिसा स्वच्छ असून भागत नाही, दोन खिशांच्या मध्ये भिंतही असावी लागते. रफीसाहेबांच्या आयुष्यात ती भिंत कुठेच नव्हती. त्यांचे घर आणि धर्मशाळा, पक्ष आणि मित्र, कर्ज आणि दान, सगळे एकाच अंगणात.

हे सारे वडिलांना माहीत नव्हते असे नाही. ते वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे गृहस्थ. एकदा कॉलेजातून आल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे हे प्रकरण मांडले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला आणि किराण्याची वही पुढे ओढली. मला तेव्हा वाटले, मी जिंकलो. आता वाटते, त्यांना हे ओझे आधीपासूनच ठाऊक होते आणि ते उचलून धरूनच त्यांनी ते चित्र जपले होते.

१९५१ साली काँग्रेसचे अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन यांच्याशी मतभेद विकोपाला गेले. रफीसाहेब मंत्रिपद आणि पक्ष सोडून आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षात गेले, आणि नेहरूंनी पक्षाची सूत्रे हाती घेतल्यावर परतही आले. डावपेचातला माणूस, गट पाळणारा माणूस, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांच्या अनुयायांच्या गटाला लोक ‘रफियन’ म्हणत. त्या शब्दात कौतुकही होते आणि टोमणाही.

१९५२ च्या निवडणुकीनंतर त्यांच्याकडे अन्न व शेती खाते आले. कोणालाही नको असलेले खाते. मुंबईत १९४३ पासून रेशन चालू होते. आमच्या आईच्या पिढीने पिशवी घेऊन रांगेत काढलेले तास कोणी मोजले? तज्ज्ञांचे मत असे की नियंत्रणे उठवली तर भाव आकाशाला भिडतील. रफीसाहेबांचे मत उलटे होते. धान्य देशात आहे, पण भीतीने दडून बसले आहे. नियंत्रण जितके कडक तितकी भीती मोठी. त्यांनी सरकारी साठे बाजारात सोडले आणि एकेक बंधन ढिले करत नेले. पावसाने साथ दिली, १९५३ चे पीक चांगले आले, आणि १९५४ पर्यंत धान्यावरची बहुतेक नियंत्रणे उठली. नशिबाचा भाग त्यात होता यात शंका नाही. पण नशीब अनेकांच्या दारावरून जाते. दार उघडायला कोणीतरी लागते. पुढे साठीच्या दशकात टंचाई परत आली, तेव्हा रफीसाहेब असते तर, असे म्हणणारे लोक आमच्या गल्लीतही होते.

ते नव्हते. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत भाषण करताना त्यांना दम्याचा त्रास सुरू झाला आणि हृदय थांबले. वय साठ. त्यांच्या मसौली गावीच त्यांचे दफन झाले. मागे उरले काय, तर गावचे मोडकळीला आलेले घर आणि कर्ज. दोन मोठी खाती सांभाळलेल्या, लाखो रुपये हातातून गेलेल्या माणसाची ही मिळकत. सरदारांच्या आक्षेपाला हे उत्तर नव्हे, हे मला पुन्हा सांगायला हवे. पण ते त्या माणसाविषयीचे एक सत्य आहे, आणि तेही नोंदीत असले पाहिजे.

मुंबईकरांना वडाळ्याचा रफी अहमद किदवई मार्ग माहीत आहे. बसच्या पाटीवर नाव वाचून किती जणांना तो माणूस आठवतो, कोण जाणे. गाझियाबादला टपाल अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय प्रबोधिनी त्यांच्या नावाची आहे. १९६९ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यावर त्यांच्या चेहऱ्याबरोबर विमान आहे. वडिलांनी त्या तिकिटाची दोन पाकिटे घेतली, एक आतेबहिणीला पाठवले आणि एक ट्रंकेत ठेवले.

रफीसाहेबांचे खाते आता ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. १९८५ साली टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला. ऐंशी हजार टेलिफोनच्या देशात आज शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत. खात्यापुढचा प्रश्न आता पत्राचा नाही, ब्रॉडबँडचा आहे. पण नीट पाहिले तर प्रश्न तोच आहे. शहरात, जिथे पैसे मिळतात, तिथे कंपन्या आपणहून तारा टाकतात. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पाड्यावर कोण टाकणार?

याचे उत्तर म्हणून २००२ पासून एक निधी उभा राहिला. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा त्यात जातो आणि तो दूरच्या, न परवडणाऱ्या भागांत सेवा नेण्यासाठी वापरायचा असतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेणारा भारतनेट प्रकल्प, २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झालेला, याच पैशावर चालला. नव्या कायद्याने या निधीला डिजिटल भारत निधी असे नाव दिले आहे. मी हे वाचले तेव्हा मला हसू आले. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायचे आणि ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही त्याला द्यायचे. हे तर रफीसाहेब! फक्त आता त्यात कायदा आहे, वही आहे, तपासनीस आहे, प्रत्येक थैलीपुढे सही आहे. म्हणजे यात माझे वडीलही आहेत.

आणि इथेच मला ट्रंकेच्या झाकणाचे कोडे सुटल्यासारखे वाटते. नुसत्या सह्यांनी थैली हलत नाही. ती कुठे न्यायची हे आधी कोणाला तरी मनात यावे लागते. साध्या पाकिटालाही विमान मिळाले पाहिजे, हा विचार वहीतून येत नाही. तो उदार मनातूनच येतो. पण नुसत्या उदार मनाने खाते चालवले तर एक दिवस सरदारांचे पत्र येते. खात्याला दोघेही लागतात. वडील हे जाणत होते, म्हणून ते स्वतःच्या वाट्याची सही कधी चुकवत नव्हते आणि दुसऱ्याच्या वाट्याचे औदार्य विसरत नव्हते. भारतनेटची तार अनेक गावांत पोहोचूनही तिथे आज जोडणी चालते का, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला वाटते की वही आहे, निधी आहे. रात्री जागे राहून थैल्या मोजणारा आणि ती थैली सर्वांत गरीब घराची आहे असे मानणारा माणूसही तिथे हवा आहे.

वडील जाऊन बरीच वर्षे झाली. ट्रंक माझ्याकडे आहे. झाकणावरचा कागद पिवळा पडून तुकड्या-तुकड्यांनी सुटला आहे. टोपीचा भाग तेवढा शिल्लक आहे. सोनेगावच्या विमानतळावर आता रात्रभर विमाने येतात-जातात, चार मोजून झोप लागावी असे दिवस राहिले नाहीत. तरी कधी मध्यरात्री जाग आली आणि वरून घरघर गेली की माझ्याकडून नकळत मोजणी सुरू होते. एक दिल्लीचे. एक मुंबईचे. एक कलकत्त्याचे. एक मद्रासचे.